रफल: प्लेअर उत्तम, पण जपलेली फाइल पुरी हवी

वर्गात लाटा शिकवताना मला एक ॲनिमेशन लागतंच. दोन टोकांना बांधलेली दोरी, तिच्यावर स्टँडिंग वेव्ह (जागच्या जागी वरखाली होणारी लाट) आणि नोडच्या, म्हणजे मुळीच न हलणाऱ्या बिंदूंच्या, जागी लाल ठिपके. एवढंच. पण त्यात एक क्षण असा येतो की अख्खी दोरी सरळ रेषेत येते आणि मुलं म्हणतात, "मॅडम, वेव्ह संपली." मला नेमकं तिथेच थांबायचं असतं. दोरी सपाट दिसते त्या क्षणी, नोड सोडले तर, तिचा प्रत्येक बिंदू आपापल्या सगळ्यात जास्त वेगाने चाललेला असतो. फळ्यावर कितीही वेळा काढलं तरी हे गळी उतरत नाही. ती चौकट (फ्रेम) आणि लगेच तिच्या पुढची चौकट दाखवली की उतरतं.

अडचण अशी की हे ॲनिमेशन फ्लॅशमधलं, म्हणजे वेबपानांवर ॲनिमेशन चालवायच्या जुन्या तंत्रातलं. अडोबीने फ्लॅश प्लेअरला ३१ डिसेंबर २०२० ला निरोप दिला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासंच झालं. ज्या साइटवर ते होतं तीही मधल्या काळात गाशा गुंडाळून गेली. मी मात्र निर्धास्त होते, कारण फार पूर्वी ते पान ब्राउझरमधून 'सेव्ह' करून ठेवलं होतं. ठेवल्यावर एकदाही उघडून पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

रफलकडे मी अशी आले. हा फ्लॅशच्या फायली चालवणारा मुक्तस्रोत प्लेअर आहे, रस्ट भाषेत लिहिलेला, फुकट. माझ्या विंडोजवर झिप उलगडली, आतला प्रोग्रॅम चालवला, फाइल खिडकीत ओढून टाकली. इन्स्टॉल करण्याची भानगड नाही, नेट लागत नाही. ब्राउझरसाठी त्याचं एक्स्टेंशनही आहे. जुनी वेबपानं आणि फायली जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडची जुनी फ्लॅश ॲनिमेशनं चालवायला घेतली तीही रफलच्याच जोरावर.

तर मी माझी जपून ठेवलेली फाइल त्यात टाकली. पांढरा पडदा, मधोमध एक पट्टी, वर शून्य टक्के. पाच मिनिटांनीही शून्यच. पहिला राग अर्थातच रफलवर निघाला. मग फाइलचा आकार पाहिला: ९ केबी. नऊ केबीत दोरी, ठिपके आणि बटणं मावणार तरी कशी?

ती नुसती हमाल फाइल होती. त्या काळी ही पद्धतच होती: पानावर एक छोटी फाइल, ती पट्टी दाखवत बसणार आणि खरं ॲनिमेशन मागून सर्व्हरवरून आणणार. 'सेव्ह पेज'ने हमाल उचलला, सामान तिथेच राहिलं. जेपेक्स नावाच्या फ्लॅश डीकंपायलरमध्ये (फाइलच्या आतला कोड दाखवणारा प्रोग्रॅम) हमालाचं पोट उघडलं, तर आत एकच कामाची ओळ निघाली: लोडमूव्ही, आणि पुढे दुसऱ्या फाइलचं नाव. ते नाव जुन्या पत्त्याला जोडून वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या पानांच्या तारीखवार संग्रहात, शोधलं. एका तारखेची प्रत उतरवली, ती चालेना. नोटपॅडमध्ये उघडली तर आत सरळसरळ एचटीएमएल! फ्लॅशचं कातडं पांघरलेलं 'पान सापडत नाही'चं पान. (ही युक्ती लक्षात ठेवा. फ्लॅशची खरी फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पहिली तीन अक्षरं एफडब्ल्यूएस, सीडब्ल्यूएस नाहीतर झेडडब्ल्यूएस दिसतात, पुढे सगळा कचरा. कचरा दिसला की आनंद मानायचा.) दुसऱ्या तारखेची प्रत खरी निघाली, ४६ केबीची.

दोन्ही फायली एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि हमाल पुन्हा रफलमध्ये उघडला. रफलने आधी विचारलं, हे ॲनिमेशन तुमच्या संगणकावरची दुसरी फाइल वाचू पाहतंय, चालेल का? हे विचारणं मला आवडलं. होय म्हटलं आणि दोरी हलली. मग डोक्यात प्रकाश पडला की सामान हाती आल्यावर हमाल हवाच कशाला. तेव्हापासून मोठी फाइलच थेट उघडते.

आता रफलमधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, उजव्या क्लिकचा मेनू. त्यात प्ले, रिवाइंड, फॉरवर्ड आणि बॅक आहेत. फॉरवर्ड म्हणजे पुढची एक चौकट. माझं ॲनिमेशन सेकंदाला १२ चौकटींचं आहे आणि २४ चौकटींत एक आवर्तन पुरं होतं. रिवाइंड करायचं, मग सहा वेळा फॉरवर्ड. सातवी चौकट, दोरी सपाट. "संपली का वेव्ह?" "हो मॅडम." आणखी एकदा फॉरवर्ड. दोरी पलीकडे झुकलेली. मागच्या बाकावरूनही "अरे!" ऐकू येतं. प्रोजेक्टरवर कितीही मोठं केलं तरी रेघ कापल्यासारखी स्वच्छ, कारण आतलं चित्र व्हेक्टर आहे, म्हणजे ठिपक्यांचं नाही, गणिताने आखलेल्या रेषांचं. एका सहकाऱ्यासाठी मी याचंच वीस सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं होतं. ते ६ एमबीचं झालं, कडा पिंजारलेल्या आणि बटणं अर्थातच मेलेली. रेकॉर्डिंग हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

पण ही चौकट-चौकट करामत मुख्य टाइमलाइनवरच चालते. ॲनिमेशनच्या आत दुसरी मूव्ही क्लिप (स्वतःची वेगळी टाइमलाइन असलेलं छोटं ॲनिमेशन) बसवलेली असेल तर तुम्ही फॉरवर्ड दाबत राहता आणि ती आपल्याच तालात फिरत राहते. हा दोष फ्लॅशचाच, रफलने तो इमानाने जपलाय इतकंच.

रफलची स्वतःची उणीव म्हणजे ॲक्शनस्क्रिप्ट ३, फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेची नंतरची आवृत्ती. जुन्या, ॲक्शनस्क्रिप्ट १ आणि २ वर लिहिलेल्या माझ्या अकरा फायलींपैकी अकराही चालल्या. ॲक्शनस्क्रिप्ट ३ च्या चार होत्या, त्यांतल्या दोन चालल्या, एकीत स्लायडर हलतो पण आलेख हलत नाही, आणि चौथी करड्या पडद्यापुढे जातच नाही. दर थोड्या महिन्यांनी नवी आवृत्ती उतरवून पुन्हा लावून बघते. त्या स्लायडरवालीचं मागच्या वर्षी तेवढंही चालत नव्हतं.

जिथे फ्लॅश अजून पानावर जिवंत आहे तिथे एक्स्टेंशनच्या सेटिंगमध्ये खूण केली की उजव्या क्लिकमध्येच फाइल उतरवायचा पर्याय येतो. नाहीतर एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडायचा, पान ताजं करायचं आणि एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशची फाइल, शोधायचं. ॲनिमेशन शेवटपर्यंत चालू द्यायचं, सगळी बटणं दाबायची, कारण काही फायली बटण दाबल्याशिवाय येतच नाहीत. नव्या जमान्यातलं लॉटी ॲनिमेशन (वेबपानांवरच्या व्हेक्टर ॲनिमेशनचा एक प्रकार) असेल तर त्याच टॅबमध्ये त्याची जेसन नावाची मजकुरी फाइल दिसते. आणि विज्ञानाची सिम्युलेशन्स फुकट देणाऱ्या फेट (PhET) प्रकल्पाच्या नव्या सिम्युलेशन्सचं तर काय सांगावं, प्रत्येक सिम्युलेशन एकाच एचटीएमएल फाइलमध्ये. उतरवा, नेट काढा, चालवा. सगळ्यांनी असं केलं असतं तर मला जेपेक्स शिकावं लागलं नसतं.

हल्ली काहीही उतरवलं की वायफाय बंद करून तिथल्या तिथे एकदा शेवटपर्यंत चालवून पाहते, मगच फोल्डरमध्ये टाकते. करड्या पडद्याची ती चौथी फाइल 'नंतर' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. तिच्यात प्रिझममधून जाणारा किरण आहे आणि प्रकाशाचा धडा दोन महिन्यांवर आलाय.