कंबर धरली: आधी फिजिओथेरपिस्ट की डॉक्टर?

वाकताना कंबर धरली, एवढंच असेल तर थेट फिजिओथेरपिस्टकडे गेलेलं बरं. तो हालचाल, ताकद, रिफ्लेक्स (हातोडीच्या हलक्या ठोक्याला स्नायू आपसूक देतो तो प्रतिसाद) तपासतो. उताणं झोपवून पाय सरळ उचलतो. ३० ते ७० अंशांत कळ गुडघ्याखाली उतरली, तर नसेवर दाब असल्याचा संशय. व्यायाम त्याच भेटीत सुरू होतो.

डॉक्टरकडे अनेकदा गोळ्या आणि विश्रांतीवरच भागतं, आणि पडून राहिल्याने कंबर आणखी आखडते. लगेच एमआरआयचा हट्टही नको; मणक्यांमधली झिजलेली चकती काहीच दुखत नसलेल्यांतही दिसते.

मात्र लघवी अडली किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, तर तडक इस्पितळ गाठा. कंबरेऐवजी एखादा सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर: तिथे जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्याला अँटिबायोटिक लागतं.