बॅंटम डी-१, आठ महिने: सगळा खेळ एका कंडेन्सरचा

स्पेक पुन्हा देत बसत नाही, ते इथे सगळ्यांना पाठ आहेत. माझी गाडी म्हणजे बीएसए या ब्रिटिश कंपनीची बॅंटम डी-१, १२५ सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल; १९५१ ची, मागे सस्पेन्शन नसलेली. मी बर्मिंगहॅमला नोकरीला आहे. बीएसएचा स्मॉल हीथचा कारखाना जिथे होता, तिथून माझी खोली सायकलने वीस मिनिटांवर. गाडी घेतली ती त्याच ओढीने.

गाडी घेतल्यावर तीन महिन्यांनी मी इथे लिहिलं होतं की ही गाडी तापली की दगा देते, लांबच्या प्रवासाला नेऊ नका. ते मी आज मागे घेतोय. गाडीवर उगाच आळ घेतला.

लक्षणं अशी होती. थंड असताना एका किकमध्ये सुरू. वीस-पंचवीस मिनिटं छान पळायची. मग चढ लागला की मिसिंग (इंजिन मध्येच ठोके चुकवायचं), दोन-तीन फटाके आणि बंद. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा पहिल्यासारखी. प्लग बदलला, कार्ब्युरेटरचं जेट साफ केलं, टाकीच्या झाकणाचं भोक सुईने मोकळं केलं. शेवटी इथल्या एका गॅरेजवाल्याकडे दिली. त्याने 'इग्निशन पूर्ण नवं केलंय' म्हणून १४० पौंड घेतले. एक महिना कुरकुर नव्हती. त्या भरवशावर जूनमध्ये एकटाच निघालो: डोव्हर, डंकर्क, आखेन, कोलोन, कासेल, आणि शेवटी सॅक्सनीतलं चोपाउ.

चोपाउ का? बॅंटमचं माहेर ते. आरटी १२५ ही गाडी डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीने १९३९ मध्ये तिथेच काढली. जर्मनी युद्ध हरल्यावर तिचे आराखडे नुकसानभरपाईत गेले, आणि बीएसएने १९४८ मध्ये त्यांची बॅंटम केली. हार्लेची १२५, रशियाची मॉस्क्वा आणि १९५५ ची यामाहाची पहिली गाडी, सगळ्या त्याच वळणाच्या. त्या काळी ब्रिटनमधून पोरं अशाच छोट्या गाड्या घेऊन युरोपात हिंडायला जायची. पेट्रोलचं रेशनिंग मे १९५० मध्ये उठलं, पण परदेशी न्यायच्या पैशांवर मर्यादा होती. १९५२ च्या जानेवारीत ती माणशी २५ पौंडांवर आली. पंचवीस पौंडांत फेरी सोडून जेवणखाण, मुक्काम, सगळं. वाटेत प्रत्येक पंपावर पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळताना मला तेच आठवत होतं. माझ्याकडून १४० एकट्या गॅरेजवाल्याने घेतले होते.

कोलोनला डॉइट्झचा पूल मुद्दाम घेतला. तिथला जुना झुलता पूल फेब्रुवारी १९४५ मध्ये नदीत कोसळला, आणि आताचा १९४८ मध्ये खुला झाला. म्हणजे पूल आणि बॅंटम एकाच वर्षीचे. पलीकडे जाऊन गाडी थांबवली आणि पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिलो.

हेर्लेसहाउझन ओलांडलं. तिथे पूर्वी दोन जर्मनींची सीमा होती, मला कुणी थांबवलंसुद्धा नाही. आयझेनाखच्या अलीकडे चढावर मात्र तेच मिसिंग, तेच फटाके, आणि बंद.

या वेळी मॅग्नेटोचं (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचं) झाकण काढून किक मारली. पॉइंट (ती वीज तोडणारे-जोडणारे दोन संपर्क) उघडताना त्यांच्यावर निळी ठिणगी चट्‌चट् उडत होती, दिवसाउजेडीही दिसावी एवढी. ती ठिणगी दाबायचं काम कंडेन्सरचं. तो गळका झाला की प्लगपर्यंत जोर पोचतच नाही, आणि तापला की गळती वाढते. कंडेन्सरचा अंगठ्याएवढा डबा बाहेर काढला तर त्यावर गंजाचे ठिपके आणि पुसट झालेली जुनी छपाई. 'नवं इग्निशन' म्हणजे कुणाच्या तरी कपाटात पन्नास-साठ वर्षं पडून असलेला माल! आत कागद आणि फॉइलची गुंडाळी असते. ती न वापरताही ओल धरते. जुना पिस्टन चालेल, जुना कंडेन्सर नाही.

एक आजोबा सिम्सन मोपेडवरून चालले होते, ते थांबले. माझं जर्मन तुटकं. त्यांनी ठिणगी पाहिली, 'कोंडेन्साटोर' एवढंच म्हणाले आणि मला घरी घेऊन गेले. शेडमध्ये बिस्किटांच्या डब्यात स्क्रू, जेट, वायसर, आणि त्यातच सिम्सनचा एक कंडेन्सर. आतल्या जागेत तो बसेना, म्हणून वायर बाहेर काढली आणि तो केबल टायने फ्रेमला बांधला. कंडेन्सरची बॉडी फ्रेमला टेकायला हवी, म्हणून आजोबांनी तिथला रंग चाकूने खरवडला. पहिल्या किकला सुरू. पैसे काही केल्या घेतले नाहीत.

चोपाउला विल्डेक किल्ल्यातल्या संग्रहालयात आरटी पाहिली आणि अंगावर काटा आला. इंजिन तेच, पण आरशात पाहावं तसं उलटं. ब्रिटिश सवयीप्रमाणे गिअर उजव्या पायाला यावा म्हणून बीएसएने सगळं फिरवलं होतं. आठ महिने माझा उजवा पाय जे करतोय, ते इथे डाव्याचं काम.

परतीचा सगळा रस्ता गाडी एकदाही बंद पडली नाही. आयडलिंगला हेडलाइट मंदावतो, ब्रेक बेताचे आहेत, पण त्याची सवय होते. गॅरेजवाल्याला तो गंजका डबा नेऊन दाखवला. 'अस्सल त्या काळचाच पार्ट आहे,' म्हणाला, आणि एक पेनीही परत दिली नाही. मी तिथे पुन्हा पाऊल टाकणार नाही.

तुमची गाडी तापल्यावर बंद पडत असेल तर कार्ब्युरेटर खोलायच्या आधी झाकण काढा, अंधारात किक मारा आणि पॉइंटकडे बघा. कंडेन्सर आजच्या उत्पादनाचाच घ्या, दहाएक पौंडांत मिळतो. मी माझ्यासाठी एक घेऊन टूलबॅगमध्ये ठेवलाय. आजोबांनी दिलेला मात्र अजून फ्रेमलाच बांधलेला आहे.