ल्योंमधल्या मुक्कामात प्यायलेल्या प्रादेशिक फ्रेंच वाइन: जोड्या उत्तम, बुचावर भरवसा नाही

काओर या नैर्ऋत्य फ्रान्समधल्या रेड वाइनची बाटली खराब निघाली आणि दुकानदाराने ती परत घेतली नाही, म्हणून हे लिहायला बसले. १२ युरो गेले याचा राग आहेच, पण त्याहून मोठा राग त्याच्या उत्तराचा. "काओर कडकच असते, तुम्हाला सवय नसेल." कडकपणा मला कळतो. काओरमध्ये किमान ७० टक्के मालबेक द्राक्ष असतं. गडद रंग, भरपूर तुरटपणा. पांढरा घेवडा, बदक आणि सॉसेज तासन्‌तास शिजवून केलेल्या कासुलेसोबत तो तुरटपणाच हवा असतो, कारण जिभेवर बसलेली बदकाची चरबी त्यानेच सुटते. या बाटलीत फक्त तुरटपणाच उरला होता. द्राक्षाचा गंध पार मेलेला आणि वर ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास.

हा वास बुचाचा. बुचाच्या सालीवरची बुरशी आणि क्लोरीनची संयुगं यांतून टीसीए नावाचं रसायन तयार होतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंही वाइन बिघडवायला पुरतं. प्रकृतीला अपाय नाही, पण चव गेली ती गेलीच. "थोडा वेळ उघडी ठेवा, वास उडून जाईल" असं मला सांगितलं गेलं. बुचाचा वास उडत नाही, उलट हवा लागल्यावर आणखी जाणवतो. बनवणारा वर्षभर राबतो, एक क्षुल्लक बूच सगळ्यावर पाणी फिरवतं आणि भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसायचा?

बाकी बाबतीत तक्रार नाही. लेबलवर बहुधा द्राक्षाऐवजी गावाचं किंवा भागाचं नाव असतं हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या गावाच्या आसपास जे खातात ते ताटात घ्या, बहुतेक वेळा जमतं. इथे ल्योंमध्ये रोजच्या जेवणाला जवळच्या बोजोले भागातल्या १० क्रूंपैकी (स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खास वाइनपैकी) मोर्गों मला सगळ्यात परवडते. गामे द्राक्षाची, तुरटपणा बेताचा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून सोसिसोंच्या, म्हणजे सुकवलेल्या सॉसेजच्या, चकत्यांबरोबर घ्यावी. कोमट मोर्गोंमध्ये मजा नाही.

चीजबाबत मात्र माझं मत पुरतं बदललं. चीज म्हटलं की रेड, असंच मी धरून चालले होते. मग सांसेरबरोबर शाविन्योल गावचं क्रोतें हे शेळीच्या दुधाचं चीज खाल्लं. त्या पांढऱ्या वाइनचा आंबटपणा आणि चीजचा आंबटपणा एकमेकांना इतके धरून होते की रेडची आठवणही झाली नाही. आल्सासची सुगंधी पांढरी गेवुर्झट्रामिनर उग्र वासाच्या मुन्स्टर चीजसमोरही टिकते. आणि पूर्व फ्रान्समधल्या जुऱ्याची व्हॅं झोन, म्हणजे 'पिवळी वाइन'! साव्हान्यें द्राक्षाची ही वाइन किमान ६ वर्षं ३ महिने मुरवतात. पिंपातली घट भरून न काढता, वर यीस्टचा पापुद्रा धरू देऊन. अक्रोडासारखी चव येते. बाटली ६२ सेंटीलिटरची आणि महाग, तरी पैसे वसूल होतात, कारण उघडल्यावरही ती कित्येक आठवडे टिकते. जुन्या कोंते चीजच्या तुकड्याबरोबर छोटा ग्लास पुरतो आणि उरलेल्यातली थोडी मलईच्या कोंबडीत घालता येते.

घरी कोळंबीचं झणझणीत कालवण केलं की रेड बाजूला ठेवते. तुरटपणाने मिरचीची आग भडकते. तिथे वूव्रेची किंचित गोडसर पांढरी वाइन, दमी-सेक, घ्या.

हे अर्धं लिहून झालं होतं तेव्हा एका छोट्या दुकानातून आणलेल्या मोर्गोंलाही तोच वास आला. बूच परत लावून बाटली घेऊन गेले. मालकीणबाईंनी ग्लासात थोडी ओतली, एकदा हुंगली आणि काही न विचारता दुसरी दिली. त्यामुळे सगळ्याच दुकानदारांवरचा राग मागे घेते, बुचावरचा नाही.

आता नांतजवळची पांढरी म्युस्काडे घेताना, काही उत्पादक फिरकीचं झाकण लावतात, तीच शोधते. यीस्टच्या गाळावर मुरवलेली 'स्युर ली' घ्या. कच्च्या कालवांसोबत ती खारट आणि टवटवीत लागते. बुचाची बाटली असेल तर पाहुण्यांना ओतण्याआधी स्वतः हुंगा, पावती जपा, आणि खराब निघाली तर सिंकमध्ये ओतू नका. जवळजवळ भरलेली बाटलीच दुकानात पुरावा म्हणून दाखवता येते.