पेलेट सायझरची डाय बॅरलच्या मापाला लावून घेतली: आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत हा पेलेट सायझर, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या गोळ्या (पेलेट) एका मापात आणायचं हाताचं यंत्र, घरी आला. तेव्हापासून आठ महिने माझ्या लेकीच्या एअर रायफलमध्ये गेलेला जवळजवळ प्रत्येक पेलेट यातून दाबून निघालाय. रेंजवर दोन-तीन पालकांनी विचारलं, घ्यावा का, म्हणून सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. डब्यातून काढला तसा हा सायझर आमच्या उपयोगाचा नव्हता. पहिले सहा आठवडे आम्ही तो तसाच वापरला आणि ते सहा आठवडे वाया गेले. त्याची डाय, म्हणजे ज्याच्या भोकातून पेलेट दाबून काढायचा तो पोलादी ठोकळा, आमच्या बॅरलच्या (नळीच्या) मापाला लावून घेतली, तेव्हा कुठे त्याचा फायदा दिसायला लागला.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये (डाय, साचे बनवतात त्या कारखान्यात) आहे, बावीस वर्षं झाली. लेक नववीत आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. नाशिकमध्ये क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांमुळे नेमबाजीकडे वळलेली घरं बरीच आहेत. सर २०१७ साली गेले. आमच्या घरात हा खेळ त्यानंतर आला, पण रेंजवरच्या मोठ्या मंडळींच्या बोलण्यात सरांचं नाव आलं नाही असा आठवडा जात नाही. मन शांत ठेवायचं काम लेकीचं आणि तिच्या प्रशिक्षकांचं. माझ्या हातात होतं ते लोखंड आणि शिसं, म्हणून मी त्याच्या मागे लागलो.

आधी हिशोब सांगतो, म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी ते कळेल. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एका गुणाचं अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे दशांश गुण धरले तर ०.१ गुण जातो पाव मिलिमीटरला. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० शॉट. पोरगी अगदी नीट धरून बसली आणि पेलेटनेच स्वतःहून अर्धा मिलिमीटर खाल्ला, तर त्या शॉटचे ०.२ गेले. असे दहा शॉट झाले की दोन गुण. दोन गुणांत यादीतली किती नावं वरखाली होतात, हे जिल्हा स्पर्धेला गेलेल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे.

पेलेट हातात घेऊन भिंगाखाली बघा. पुढे चपटं डोकं, मधे बारीक कंबर, मागे पोकळ स्कर्ट. डब्यावर ४.५० लिहिलेलं असतं ते डोक्याचं माप, मिलिमीटरमध्ये. स्कर्ट त्याहून मोठा असतो, आमच्या डब्यातला साधारण ४.७५ च्या आसपास. डोकं बॅरलमधल्या आट्यांच्या (पेलेटला फिरकी देणाऱ्या पिळदार चरींच्या) उंचवट्यांवरून सरकतं आणि स्कर्ट खोलगट भागात बसून हवा अडवतो. गडबड असते ती स्कर्टची. शिसं मऊ, कडा पातळ आणि डबा कुरिअरमधून आदळत आपटत आलेला. मी एकदा एका डब्यातले शंभर पेलेट काचेवर उभे करून तपासले. चौदा पेलेटचे स्कर्ट उघड्या डोळ्यांना अंडाकृती दिसत होते. उरलेल्यांत भिंगाखाली अजून निघाले. सायझरचं काम एवढंच: पेलेट एका गोल, गुळगुळीत भोकातून ढकलायचा, म्हणजे प्रत्येक स्कर्ट गोल आणि एका मापाचा होऊन बाहेर येतो.

आमचा सायझर साधा आहे. हाताने दाबायचा लिव्हर, खाली पंच, मधे बदलता येणारी डाय. डाय ओएचएनएस पोलादाची, हार्डन केलेली. हार्डनेस मी आमच्याकडे तपासला, ५९ एचआरसी (रॉकवेल मापात) आला, म्हणजे चांगलं कडक. धातूत खोट नव्हती. विकणाऱ्याने ४.५० ची म्हणून पाठवलेल्या डायमध्ये मात्र ४.४८ ची पिन गेज (भोक मोजायची नेमक्या मापाची सळई) सरकन गेली आणि ४.४९ ची अडकली. वर तोंडाची कड सुरीसारखी धारदार. पहिल्याच दिवशी लिव्हर दाबला तर डायच्या तोंडावर केसाएवढं बारीक शिशाचं कडं उरलं. पेलेट दाबला जात नव्हता, तासला जात होता. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की वापरून वापरून बसेल. ५९ एचआरसीचं पोलाद शिशाने झिजून बसेल, हे टूलरूमवाल्याला सांगणं मला फार लागलं.

तरी लेकीची परीक्षा होती, मला वेळ नव्हता, म्हणून सहा आठवडे तसंच चाललं. रिझल्ट बिघडला. रेंजवरच्या एका दादाकडे क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) आहे, त्यावर बघितलं. न दाबलेला पेलेट सेकंदाला १७२ ते १७६ मीटर देत होता. सायझरमधून काढलेला १६३ देई, कधी १७०. म्हणजे हवा बाजूने निसटत होती. १० मीटरच्या रायफलचा जोर इतका नसतो की ढिला स्कर्ट फुगून बॅरलला चिकटेल.

मग बॅरल मोजलं. तेव्हा कळलं की हेच सगळ्यात आधी करायला हवं होतं. मऊ शिशाचा थोडा जाड तुकडा तेल लावून मागच्या बाजूने आत घातला आणि क्लीनिंग रॉडने हळूहळू पुढे ढकलला. हाताला सगळं कळतं. सुरुवातीला घट्ट, मधे एकसारखं, तोंडाजवळच्या दोन-तीन इंचांत पुन्हा किंचित आवळतं. बाहेर आलेल्या तुकड्यावर आट्यांचे ठसे इतके स्वच्छ होते की लेकीला दाखवले तर ती म्हणाली, बाबा, ही तर बॅरलची सही आहे. मोजताना एक सांभाळा. मायक्रोमीटर पिळला की शिसं दबतं आणि माप कमी दिसतं. मायक्रोमीटरच्या टोकाच्या रॅचेटनेच (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या बोंडाने) टेकवायचं, तेही एकदाच, आणि तीन-चार तुकडे काढून बघायचं. आमचं माप खोलगट भागात ४.५१ आलं. ४.४८ ची डाय इथे कशी चालणार होती?

बाहेरच्या देशांत काडतुसं स्वतः भरणाऱ्यांचा हाच प्रश्न आहे, फक्त त्यांचा धातू पितळ. खास बनवून घेतलेल्या रायफलचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) कारखान्याच्या मापापेक्षा थोडं वेगळं असतं. बाजारातली सायझिंग डाय त्याला कुठे जास्त आवळते, कुठे आवळतच नाही. मग तेही डाय होन करून (आतून घासून) घेतात किंवा आपल्याच चेंबरमधून निघालेली केस (काडतुसाचं पितळी कवच) मापाला देऊन डाय बनवून घेतात. केस चेंबरपेक्षा जेमतेम बारीक व्हावी, त्याहून जास्त नाही, एवढंच त्यांना हवं असतं. दर वेळी जास्त दाबली की पितळ कडक होतं आणि मानेपाशी चिरतं. आपल्या तांबट आळीत हे कुणालाही सांगावं लागणार नाही. ठोकून ठोकून भांडं कडक झालं की ते भट्टीत तापवून मऊ करतात, नाहीतर पुढच्या घावाला तडकतं. पितळ दाबल्यावर थोडं मागेही उसळतं, म्हणून डायचं भोक हव्या त्या मापाहून बारीक ठेवावं लागतं. शिशाला ही दोन्ही दुखणी जवळजवळ नाहीत. ते खोलीच्या तापमानालाच पुन्हा मऊ पडतं आणि दाबलं तिथेच राहतं. आमच्या पेलेटचा पातळ स्कर्ट डायमधून निघाल्यावर पाच-सात मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) उघडतो, तेवढाच हिशोब धरायचा. आणि हे वाचून कुणी इथे काडतुसांच्या भानगडीत पडू नये. आपल्याकडे दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. आमचं काम पेलेटपुरतं आहे.

आम्ही ठरवलं ४.५२. म्हणजे स्कर्ट साधारण ४.५२५ ला बाहेर येईल, बॅरलपेक्षा पंधरा मायक्रॉन मोठा, हवा धरेल. ४.५० चं डोकं डायला टेकणारही नाही. डोक्याला हात लावायचा नाही हा निर्णय मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डोकं एका बाजूने जरा दबलं तर फायद्यापेक्षा नुकसानच जास्त.

भोक चाळीस मायक्रॉनने वाढवायचं होतं. हार्डन पोलादात रीमर (भोक तासायचं हत्यार) चालत नाही, लॅपिंगच करावं लागतं, म्हणजे पेस्ट लावलेली मऊ धातूची दांडी (लॅप) आत फिरवून भोक घासायचं. आमच्या शॉपमधले ग्राइंडरवरचे मामा निवृत्तीला आलेत. त्यांना दाखवलं तर त्यांनी एवढंच सांगितलं, भोक मोठं करता येतं, बारीक करता येत नाही, हात सावकाश ठेव. मी ऐकलं, पण पूर्ण नाही ऐकलं. पहिल्या डायला आखूड पितळी लॅप घेतला, डायमंड पेस्ट लावली आणि लेथवर डाय भराभर पुढेमागे करत राहिलो. गेज लावली तर दोन्ही तोंडांना ४.५२ आरामात जात होती आणि मधे ४.५१ सुद्धा अडत होती. भोक डमरूसारखं झालं होतं. ती डाय गेली.

सोबत दोन जादा डाय मागवल्या होत्या म्हणून बरं. दुसरीला मामा शेजारी उभे राहिले. लॅप भोकाच्या अडीच पट लांब, उभी चीर दिलेला, आतून टेपर पिन सरकवून हळूहळू फुगवता येईल असा. लेथ तीनशे आरपीएमच्या आत. डाय हातातच धरायची, तरंगती, आणि लॅप भोकाबाहेर फार डोकावू द्यायचा नाही. नऊ मायक्रॉनची पेस्ट, मग तीनची, शेवटी एकची. दर दहा मिनिटांनी थांबून थिनरने धुवायचं आणि डाय गार होऊ द्यायची. कोमट डायमध्ये गेज लावली की माप फसवतं. मामा डाय गालाला लावून बघायचे, गार लागली तरच गेज हातात द्यायचे. तीन रविवार गेले. तोंडाची धार मारून आत जाताना तीन अंशांचा उतार दिला आणि तो उतार सरळ भोकाला मिळतो तिथली कड लाकडी काडीवर पेस्ट घेऊन गोल केली. ही कड मला भोकाच्या मापाइतकीच महत्त्वाची वाटते. ती गोल झाली आणि शिशाचं कडं उरणं त्याच दिवशी बंद झालं.

आता त्यातून पेलेट दाबला की लिव्हर एकसारखा खाली जातो, साजूक तुपातून बोट जावं तसा. बाहेर आलेल्या पेलेटच्या स्कर्टवर एक चकचकीत पट्टा दिसतो, सगळीकडे सारख्या रुंदीचा. पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसला तर तो पेलेट आधी वाकडा होता, तो सरावाला वेगळा काढतो.

रायफल शिकंज्यात बांधून दहा-दहा शॉटचे गट मारले. साध्या डब्यातले न दाबलेले पेलेट: गटाची बाहेरून बाहेर रुंदी सरासरी ८.२ मिलिमीटर. दाबलेले: ७.१. स्पर्धेसाठीच्या महागड्या मॅच डब्यावर फरक जवळजवळ नाही. ६.८ चे ६.७ झाले, तो मी फरक धरत नाही. तेव्हा मॅचचे पेलेट परवडत असतील आणि डबे जपून येत असतील तर या खटाटोपाची गरज नाही, हे स्पष्ट सांगतो. आमच्याकडे आठवड्याला चार-पाचशे पेलेट सरावात जातात आणि मॅचचा डबा साध्याच्या जवळपास दुप्पट पडतो. साधा डबा मॅचच्या जवळ आला, आमच्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. वेगही सरळ झाला, आता १७३ ते १७५ च्या आत राहतो. खरा फायदा सरासरीत नाही, अचानक बाहेर जाणाऱ्या शॉटमध्ये आहे. आधी लेक चांगला ट्रिगर सोडायची, आठ पॉइंट काहीतरी यायचं, आणि ती पुढचे चार शॉट स्वतःला दोष देत मारायची. आता बाहेर गेला तर तिला कळतं की आपला गेला, आणि ती त्यावर काम करते. मला बाप म्हणून याचं समाधान गुणांपेक्षा मोठं आहे.

तक्रारी आहेत. लिव्हरची पिन चौथ्या महिन्यात ढिली झाली, मी जाड पिन टाकली. शंभर पेलेट दाबायला बारा-तेरा मिनिटं लागतात, घाई केली की पेलेट तिरका बसतो आणि स्कर्टला घडी पडते. दर तीनशे पेलेटनंतर डायमध्ये शिशाचा करडा थर दिसतो, तो फेल्टच्या काडीने थिनर लावून काढावा लागतो. जानेवारीत निफाडकडची थंडी शहरात उतरली की सकाळी गॅलरीत ठेवलेला मायक्रोमीटर आणि घरातली डाय यांचं जमत नाही. दोन्ही तासभर एकाच खोलीत ठेवून मग मोजा.

शिशाचं मात्र गांभीर्याने घ्या. पेलेट तोंडात धरायचे नाहीत, दाबताना खायचं-प्यायचं नाही, काम झालं की साबणाने हात धुवायचे. आमच्याकडे हे काम जुन्या ताटात वर्तमानपत्र पसरून होतं, ते ताट स्वयंपाकघरात जात नाही, आणि लहान भाच्याला त्या टेबलाजवळ येऊ देत नाही. तासलेलं शिसं उडवायला फुंकर मारायची सवय मला होती, ती लेकीनेच सोडवली.

तिसरी डाय अजून ४.४८ लाच आहे, तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवली आहे. पुढच्या वर्षी लेकीला नवीन रायफल घ्यायची आहे. तिचं बॅरल हातात येईल, त्यातून शिशाचे तुकडे काढून मोजेन, तोवर या डायला पेस्ट लागणार नाही.