सीपीएल फिल्टर: दिवाडीच्या भाताला पास, सावईवेऱ्याच्या कुळागरात नापास

चवथीच्या आधी ऑनलाइन एक सीपीएल फिल्टर मागवला, म्हणजे तो पोलरायझर, चमक कापणारी काच, लेन्सच्या तोंडावर बसवून गोल गोल फिरवायची. ५८ मिमी, साडेतेराशे रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही कारण पुढे थोडं वाईट लिहायचंय आणि मला कोणाशी भांडण नको.

घेतला का, तर दरवर्षी पावसात शेतांचे फोटो काढतो आणि दरवर्षी ते पांढुरके येतात. डोळ्याला एवढं हिरवंगार दिसतं आणि फोटोत भाताच्या प्रत्येक पातीवर पांढरी चमक. मग घरी येऊन सॅच्युरेशन ओढायचं की झालं पोपटी प्लास्टिक. ओली पात आभाळ परावर्तित करते म्हणून तसं होतं आणि ती चमक एकदा फोटोत आली की नंतर एडिटिंगमध्ये खालचा रंग परत आणता येत नाही, तो काढतानाच पकडावा लागतो, एवढं कळायला मला चार वर्षं लागली.

तर चवथ झाल्यावरच्या रविवारी गाडी काढली. डिचोलीहून मये, मग नार्वे, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेट, पलीकडच्या फेरीने जुने गोवे आणि मग बाणस्तारी-माशेल करत सावईवेरे. नार्व्याला सप्तकोटेश्वराला हात जोडले, हा देवही मूळचा दिवाडीचाच, नदी ओलांडून इकडे आला, आणि देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली नव्याने बांधून घेतलेलं. आम्ही उलटे निघालो होतो.

फेरीत पाऊस होता म्हणून काच बंद ठेवून गाडीतूनच पहिला फोटो काढला आणि घाबरलो. सगळीकडे इंद्रधनुष्याचे डाग, जांभळे हिरवे. मला वाटलं फिल्टर डिफेक्टिव्ह आला, रिटर्नची तारीख पण आठवली. नंतर लक्षात आलं की गाडीच्या बाजूच्या काचा टफन केलेल्या असतात, काचेतला तो ताण पोलरायझरमधून असा दिसतो. काच खाली केली, डाग गायब, मांडी ओली.

दिवाडीला उतरल्यावर मात्र पैसे वसूल. भात पोटरीत आलेलं, काही ठिकाणी निसवलेलं, मधूनमधून ऊन. गाडी बाजूला घेऊन मेरेवर उभा राहिलो आणि फिल्टर हळूहळू फिरवला तर व्ह्यूफाइंडरमध्ये अक्षरशः पातीवरून कोणी ओलं फडकं फिरवल्यासारखी चमक पुसली गेली आणि खालचा खरा हिरवा वर आला, त्यातही दोन हिरवे, लोंबीजवळचा पिवळसर आणि बुडाचा काळपट, हे मी आजवर फोटोत कधी पकडलेलंच नव्हतं. ऊन खांद्यावर असेल, म्हणजे सूर्य डाव्या-उजव्या बाजूला, तर निळं आभाळही गडद होतं. सूर्य समोर किंवा पाठीवर असेल तर आभाळात काही फरक पडत नाही. ढगाळ पांढऱ्या आभाळाला तर हा ढिम्म हलवत नाही, पण पानांवरची चमक ढगातही काढतो, आणि आपल्याकडच्या पावसात तेच महत्त्वाचं.

आणखी एक, कॅमेरा उभा केला की परत फिरवून सेट करावा लागतो. मी विसरलो, आठ-दहा उभे फोटो फुकट गेले.

मग मानशीकडे गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, नदीचं खारं पाणी शिरू नये म्हणून बांधात लाकडी दारं असतात, भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जायला उघडतात. ना मोटर ना वीज. तिथे फिल्टर लावून फोटो काढला तर पाण्यावरचं आभाळ गेलं, माड गेले, उरला फक्त चिखल. काढून टाकला आणि परत काढला, आता ढग, माड, दाराची काळी फळी सगळं पाण्यात उलटं. म्हणजे जिथे प्रतिबिंब हाच फोटो आहे तिथे हा फिल्टर चक्क नुकसान करतो. यूट्यूबवाले सांगतात कायम लावून ठेवा, अजिबात ऐकू नका.

शेतातल्या मांगरांवर, म्हणजे शेतघरांवर, पण प्रयोग केला. चिऱ्याची भिंत आणि मंगळुरी कौलं ओली असतील तर बघायलाच नको, लाल असा उतरतो. पण हल्ली अर्ध्या मांगरांवर पत्रे आलेत आणि कोऱ्या पत्र्याची चमक हा फिल्टर काढू शकत नाही, धातूवर त्याचं चालत नाही. आणि निळी ताडपत्री घातलेली असेल तर विचारू नका, तिची चमक जाऊन ती अजूनच निळी होते. आख्ख्या हिरव्या फोटोत तीच ओरडत बसते.

सावईवेऱ्याला पोचेपर्यंत साडेपाच वाजले. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींखाली आधीच काळोख, त्यात हा फिल्टर दीड ते दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड खातो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० वर भागला असता तिथे ६४०० करावा लागला आणि फोटोत नुसती रेती. म्हटलं काढूया. निघेना! रिंग ॲल्युमिनियमची, लेन्सच्या थ्रेडमध्ये अशी रुतली की बोटांनी फक्त पुढची रिंग फिरते आणि मागची जागची हलत नाही. त्यात माझी १८-५५ लेन्स जुनी, फोकस करताना तिचा पुढचा भाग फिरतो, जोर लावला तर मोटर जाईल ही भीती. बाकी सगळ्याला माझी अक्कल कमी पडली म्हणता येईल, पण ही तक्रार शंभर टक्के कंपनीवर. पितळेच्या रिंगचे फिल्टर असे सहसा रुतत नाहीत, पण ते महाग.

मी घामाघूम होऊन खटपट करत होतो ते मांगराच्या पायरीवर बसलेले काका बघत होते. (फोटो काढायच्या आधी त्यांना विचारलं होतं, ते कायम विचारा, मांगर रिकामा दिसला तरी कोणाचा तरी असतो.) म्हणाले, ‘घट जालां कितें? हाड हांगा.’ (घट्ट झालंय का? आण इकडे.) पायातली रबराची चप्पल काढली, तळवा पायरीवर पुसला, म्हणाले फवारणीच्या पंपाचं झाकण असंच काढतो. लेन्स मी त्यांच्या हातात द्यायची हिंमत केली नाही, चप्पल मीच घेतली, फिल्टरचं तोंड रबरावर सपाट दाबलं आणि लेन्स फिरवली. कट्ट करून सुटला. सगळ्या कडेवर सारखा दाब पडतो म्हणून सुटतो, बोटांनी चिमटीत धरलं की रिंग वाकते आणि उलट घट्ट बसते. काचेवर चपलेची नक्षी उठली होती, ती पुसली गेली.

पाचपैकी साडेतीन. शेतं, ओले चिरे, केळीची पानं यांच्यासाठी घ्याच, एडिटिंगमध्ये हे जमत नाही. साइज लेन्सच्या पुढच्या कडेवर Ø च्या शेजारी लिहिलेला असतो तो बघून मागवा, आणि बसवताना घट्ट पिळू नका, टेकला की सोडून द्या. काकांचा पायरीवरचा फोटो बिनफिल्टरचाच आलाय, दाणेदार आहे पण चांगला आहे, फोंड्यात प्रिंट करायला दिलाय. रविवारी नेऊन देणार, या वेळी रबराची चप्पल मीच घालून जाणार.