याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन: घ्यायला जाताना बॅटरी खिशात ठेवा

ठाण्यात जुन्या फिल्म कॅमेऱ्याची चौकशी सुरू केली की कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावरून याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन खाली येतोच. इलेक्ट्रो ३५ ही मालिका १९६६ची, त्यातला जीएसएन १९७३चा. ४५ मिमीची एफ/१.७ लेन्स या कॅमेऱ्याची खरी दौलत. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), हे आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत.

विकणारा म्हणतो, "शटर एकदम ओके." तो खोटं बोलत नसतो. मेख अशी की बॅटरी नसताना हा कॅमेरा प्रत्येक वेळी १/५०० ला शटर मारतो. खटका वाजतो, गिऱ्हाईक खूश. सर्किट जिवंत आहे की नाही, हे मात्र बॅटरी घातल्याशिवाय कळत नाही.

मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची. ती आता बनत नाही. तिच्या जागी ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते. ती आकाराने लहान, म्हणून जाड कागदाची नळी करून तिच्यात बसवायची आणि लांबीत उरणाऱ्या साधारण दोन सेंटीमीटरच्या जागेत पितळी किंवा स्टीलची स्प्रिंग घालायची. ४एलआर४४ मिळाली नाही तर कुठल्याही घड्याळवाल्याकडून चार एलआर४४ सेल घेऊन एकावर एक रचा. वाढलेल्या ०.४ व्होल्टने एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फिल्मवर पडणाऱ्या उजेडात, जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

आता विकणाऱ्यासमोरच तपासा. मागचं बॅटरी चेकचं बटण दाबल्यावर हिरवा दिवा लागायला हवा. मग उजेड मोजणाऱ्या मीटरची पुढची छोटी खिडकी बोटाने झाका आणि शटरचं बटण हळू दाबा. पिवळा दिवा लागून शटर बराच वेळ उघडं राहिलं तर सर्किट शुद्धीवर आहे. तीच खिडकी उजेडाकडे करून एफ/१.७ ला दाबलं की लाल दिवा, म्हणजे उजेड प्रमाणाबाहेर. शेवटची परीक्षा कानाची: फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना आतून एक ठसठशीत 'खट्' यायला हवा. तो आला नाही तर आतला छोटा रबरी पॅड विरघळलाय. या मॉडेलचं हेच कुप्रसिद्ध दुखणं. पॅडची जाडी गेली की आतला दांडा पुरता सरकत नाही, दिवे बेताल लागतात आणि एक्स्पोजर चुकतं. पॅड स्वतः किरकोळ असतो, पण तिथवर पोचायला वरचं झाकण उघडावं लागतं, आणि हॉट शूची (वर फ्लॅश बसवायच्या खाचेची) वायर झाकणाला जोडलेली असते. झटक्याने उचलाल तर ती तुटते. सोल्डरिंगची सवय नसेल तर हे काम कारागिराकडेच द्या, आणि त्याचा खर्च कॅमेऱ्याच्या भावातून आधीच वळता करा.

बॅटरीच्या खणात हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तो गंज. कापूसकाडी व्हिनेगरमध्ये जेमतेम ओली करून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण कोरडं होऊ द्या. एवढं करूनही हिरवा दिवा लागत नसेल तर खणातून वर जाणारी वायर आतून खाल्ली गेली असण्याची शक्यता जास्त. ती बदलता येते.

मागच्या दाराचे लाइट सील, म्हणजे आत उजेड शिरू न देणाऱ्या फोमच्या पट्ट्या, जवळपास प्रत्येक नगात गेलेले असतात. बोट लावून पाहा, काळा डांबरासारखा चिकटा येईल. लाकडी टूथपिक आणि अल्कोहोलने खाचा खरवडा. धातूचं टोक वापरू नका. त्याआधी लेन्सच्या मागच्या काचेवर कागद लावा, नाहीतर तो चुरा नेमका तिथेच जाऊन बसतो. खाचेत फोम कापून चिकटवत बसण्यापेक्षा काळी लोकर बरी: खाचेत पातळ गोंद, त्यावर लोकरीचा एक धागा दाबून बसवा. बिजागरीच्या बाजूला मात्र फोमची पट्टीच लागते. दार बंद करताना जोर लावावा लागला तर पट्टी जाड झाली, काढून पातळ घ्या.

व्ह्यूफाइंडर धूसर असेल तर बाहेरच्या काचा पुसा आणि थांबा. आतल्या अर्धपारदर्शक आरशावर अल्कोहोल फिरवलं की मुलामा निघून येतो आणि फोकसचा पिवळा ठिपका कायमचा जातो. लेन्समध्ये बुरशीचे धागे दिसले तर टॉर्च मागून मारून पाहा: धागे वरवर असतील तर साफ होतात, काच खाल्ली असेल तर नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या नगांना ही बाधा हमखास.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. मे महिन्यात दुपारी उपवन तलावावर ४०० आयएसओची (आकडा मोठा तितकी फिल्म उजेडाला जास्त संवेदनशील) फिल्म घालून गेलात तर एफ/१६ शिवाय लाल दिवा विझणार नाही. १०० ची फिल्म असेल तर एफ/८ पर्यंत खेळता येतं. दुसरी, यात एक्स्पोजर कमीजास्त करायची वेगळी सोय नाही. संध्याकाळी तलावपाळीवर चकाकत्या पाण्यासमोर माणूस उभा केला की मीटर पाण्याला भुलतं आणि चेहरा काळा पडतो. अशा वेळी फिल्मचा आयएसओ लावायची चकती ४०० वरून १०० वर आणा, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड मिळेल, आणि फोटो झाला की लगेच परत ४०० वर. फिल्टरचंही तेच: मीटर लेन्सच्या बाहेर असल्यामुळे त्याला पुढे लावलेल्या ५५ मिमीच्या पिवळ्या फिल्टरचा पत्ताच नसतो. तिथे चकती एक स्टॉप खाली घ्या. पिवळा दिवा म्हणजे वेग १/३० च्या खाली. ट्रायपॉड नसेल तर कठड्याला टेकवा.

शटरचा वेग स्वतः ठरवायची हौस असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, चिडचिड होईल. ज्यांना शांतपणे फोकस करून बाकीचं यंत्रावर सोपवायचंय, त्यांच्यासाठी 'खट्' वाजणारा, स्वच्छ खणाचा नग डोळे मिटून घेण्यासारखा आहे. काळा जीटीएन दाखवून कुणी दुप्पट भाव सांगितला तर आत यंत्र हेच आहे, पैसे रंगाचे लावलेत, एवढं ध्यानात ठेवून घासाघीस करा.