औषधाला पूर्ण गुण, व्यवस्थेला निम्मे : अमेरिकी सामुदायिक दवाखान्यांतली ब्युप्रेनॉर्फिन सेवा

हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं दिली जातात. मेथाडोनसाठी रुग्णाला खास मान्यता असलेल्या केंद्रावर जावं लागतं, सुरुवातीला तर जवळपास रोज. ब्युप्रेनॉर्फिन मात्र चिठ्ठीवर मेडिकलमधून घरी नेता येतं. हातावर पोट असलेल्या माणसाला हा फरक केवढा मोठा! ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारी वेगळी परवानगीही डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याने रद्द झाली. तरी अनेक डॉक्टर हात आखडतात, कारण परवानगीची अट गेली, पाठपुराव्याचं काम तसंच राहिलं.

ते काम नर्सकडे दिलं की सेवा चालते. मॅसॅच्युसेट्समध्ये २००७ पासून हीच पद्धत सामुदायिक दवाखान्यांत पसरली: तपासणी, पहिल्या मात्रेची तयारी, फोन, पुढच्या भेटी हे सगळं नर्स पाहते, निदान आणि चिठ्ठी डॉक्टरची. आमच्या मते पैसा मर्यादित असेल तर आधी इथे घालावा.

खरी कसोटी पहिल्या मात्रेची. ती देण्याआधी नशा उतरल्याची लक्षणं, म्हणजे जांभया, घाम, वाहणारं नाक, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसायला हव्यात. नशा उतरतानाचा त्रास मोजणाऱ्या 'काऊज' मोजपट्टीवर किमान ८ ते १२ गुण. हेरॉइननंतर यासाठी साधारण १२ तास लागतात. घाई केली की ब्युप्रेनॉर्फिन आधीच्या नशेला मेंदूतल्या जागांवरून हुसकावतं, पण स्वतः अर्धवटच काम करतं. मग उलट्या, जुलाब, पोटात कळा, आणि असा रुग्ण अनेकदा परत फिरकत नाही. रोज फेंटानिल (अफूवर्गीय कृत्रिम नशा) घेणाऱ्याला १२ तासही अपुरे पडू शकतात, कारण ते चरबीत साठून राहतं.

सुरुवात २ ते ४ मिलिग्रॅमने, तासा-दोन तासांनी पुन्हा. पुढे बहुतेकांना रोज १६ ते २४ लागतात. ८ वरच अडवून ठेवणारे दवाखाने फुकटची कंजुषी करतात. तलफ तशीच राहते. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यावी, गिळली तर जवळजवळ वाया. नंतर पाण्याने चूळ भरावी, दात मात्र तासाभराने घासावेत. हे सांगायला बरेच जण विसरतात, आणि दात किडतात.

समुपदेशनाला आला नाही म्हणून औषध बंद करणं हा सर्वांत वाईट नियम. औषध बंद असलेल्या काळात अंगाची सवय उतरते आणि नशेची पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. म्हणून चिठ्ठीसोबत नॅलॉक्सोनचा, म्हणजे अतिमात्रेवरच्या उताऱ्याचा, नाकातला फवारा द्यावाच, आणि रुग्णाला पाठवण्याआधी मेडिकलला फोन करून साठा विचारावा, विशेषतः शुक्रवारी.